मोजाल तेच मिळेल : सबसिडी आणि इलेक्ट्रिक गाड्या



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. विषय जरा रुक्ष वाटेल, पण शेवटी तो तुमच्या-माझ्या खिशापर्यंत येतो, तेव्हा सांभाळून घ्या.

२०२५ च्या सप्टेंबरातला शेवटचा शनिवार. आम्ही दोघं डेट्रॉईटच्या एका उपनगरात डीलरकडे बसलो होतो. नव्या इलेक्ट्रिक गाडीवर मिळणारी साडेसात हजार डॉलरची केंद्रीय करसवलत ३० सप्टेंबरला संपणार होती. शोरूममध्ये अशी गर्दी, की लक्ष्मी रोडला दिवाळीच्या आदल्या रविवारी असते तशी. आमची जुनी पेट्रोलची गाडी अजून दोन वर्षं आरामात चालली असती. बायको म्हणाली, "आपल्याला गाडी हवीये की सवलत हवीये?" मी विषय बदलला आणि सही केली. सवलतीचे पैसे डीलरने जागच्या जागी किमतीतून वजा केले.

त्याच रात्री साडेनऊला, म्हणजे तिकडे रविवारी सकाळी सातला, दादाचा फोन. दादा म्हणजे माझा मामेभाऊ, भोसरी एमआयडीसीत त्याचं छोटं वर्कशॉप आहे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "अरे, एक विचारायचं होतं. स्कूटरवाल्यांचं काम परत आलंय. घेऊ का नको?"

मंडळी, या साध्या प्रश्नामागे माझे आठ लाख रुपये आणि त्याची दोन वर्षांची झोप आहे. एकाच दिवशी मी सरकारी सवलतीचा फायदा घेतला होता आणि दादा तिच्या जुन्या जखमेबद्दल विचारत होता. मी म्हटलं, दोन दिवस दे, नीट विचार करून सांगतो. त्या दोन दिवसांचे दोन आठवडे झाले, कारण वाचत गेलो तसा गुंतत गेलो. हा लेख म्हणजे त्या वाचनाचा हिशेब.

दादाची गोष्ट

आधी जखमेचं सांगतो. दादा पंधरा वर्षं ट्रॅक्टरचे आणि पंपांचे पार्ट मशीनिंग करून देत होता. काम बेताचं, पण पैसे वेळेवर. २०२१ मध्ये एका इलेक्ट्रिक स्कूटर कंपनीने (नाव सांगत नाही) मोटरच्या ॲल्युमिनियम हाउसिंगचं काम दिलं. आकडे मोठे होते. दादाने बँकेचं कर्ज काढून नवीन व्हीएमसी मशीन घेतलं, दोन पोरं कामावर ठेवली. वर्षभर मशीन तीन शिफ्ट चालत होतं.

मग २०२२ च्या अखेरीस पेमेंट लांबायला लागलं. नव्वद दिवसांचे एकशेवीस, मग "पुढच्या महिन्यात नक्की", मग फोन उचलणं बंद. चौदा लाख अडकले. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता उभा. तेव्हा मी आठ लाख पाठवले. मामीने फोनवर काही न बोलता नुसतं रडून घेतलं, ते अजून कानात आहे.

असं का झालं, तर त्यासाठी सबसिडीची यंत्रणा समजून घ्यावी लागते. फेम-२ नावाची केंद्राची योजना एप्रिल २०१९ मध्ये आली, दहा हजार कोटींची. त्यात गिऱ्हाइकाला स्कूटर सवलतीच्या दरातच मिळायची. कंपनी स्वतःच्या खिशातून सवलत द्यायची आणि नंतर सरकारकडे बिल लावून पैसे मागायची. म्हणजे मधले काही महिने ती कंपनी सरकारला उधार देत असायची. आता २०२२ मध्ये तक्रारी झाल्या, की काही कंपन्या योजनेच्या अटीप्रमाणे भारतात बनलेले पार्ट न वापरता बाहेरून सामान आणून जोडतात. चौकशी लागली, सरकारने पैसे रोखले, आणि २०२३ मध्ये तर सात कंपन्यांकडे दिलेली सबसिडी परत मागितली. दादाची कंपनी अशाच चौकशीत अडकली. तिचे पैसे अडकले, म्हणून दादाचे अडकले.

गंमत बघा (गंमत कसली म्हणा), या सगळ्या साखळीत जो पार्ट खरोखर भारतात, खरोखर भोसरीत बनत होता, तो दादाचा. आणि देशी मालाच्या अटीपायी सगळ्यात आधी बुडाला तोही दादाच.

एक आयटीवाल्याचा अनुभव

दादाला उत्तर द्यायचं तर मला आधी माझ्या भाषेत समजायला हवं होतं. पुण्यातल्या माझ्या पहिल्या नोकरीत एका मॅनेजरने फतवा काढला होता : टेस्टिंगवाल्यांना सापडलेल्या बग्जच्या संख्येवर बोनस आणि डेव्हलपर्सना बंद केलेल्या बग्जच्या संख्येवर. महिनाभरात विक्रमी बग सापडले आणि विक्रमी बग बंद झाले. एका पानावर स्पेलिंगच्या अकरा चुका होत्या, तर त्यांचे अकरा वेगळे बग नोंदवले गेले. टेस्टर खूश, डेव्हलपर खूश, मॅनेजरचा आलेख आकाशात. आणि रिलीजच्या दिवशी पेमेंटचं पानच उघडेना, कारण तो एकच अवघड बग होता आणि एका बगसाठी आठवडा घालवणं कुणालाच परवडत नव्हतं.

यात कुणी चोर नव्हतं. सगळी शहाणी मंडळी होती. जे मोजलं जातंय ते त्यांनी दिलं, एवढंच.

सबसिडीचं अगदी हेच आहे, असं माझं मत झालंय. "सरकारने पैसे द्यावेत की नाही" यावर आपण तावातावाने भांडतो. पण इंजिनिअरला पैशापेक्षा पैशाबरोबर येणारी अट जास्त दिसते. ती अट म्हणजे त्याच्यासाठी स्पेसिफिकेशन. सबसिडी युनिटवर असेल तर तो युनिटं वाढवेल, वजनावर असेल तर वजन घटवेल, कारखान्याच्या इमारतीवर असेल तर इमारत बांधेल. नवं संशोधन होतं का नाही, आणि झालं तर कुठल्या दिशेने, हे त्या अटीच्या चार ओळींत ठरतं. तीन देशांची उदाहरणं देतो, मग पटतंय का बघा.

भारत : युनिटचा भाव

पुढे "युनिट" म्हणजे किलोवॅट-तास, आपल्या वीजबिलातलं युनिट तेच.

आधी श्रेय देतो. २०१५ च्या पहिल्या फेममध्ये साध्या लेड-ॲसिड बॅटरीच्या स्कूटरलाही सवलत मिळायची. त्या गाड्या म्हणजे इन्व्हर्टरला चाकं लावल्यासारखा प्रकार. फेम-२ ने लेड-ॲसिड बाहेर काढलं आणि अट घातली : लिथियम बॅटरी, एका चार्जमध्ये किमान ८० किलोमीटर, वेग किमान ताशी ४० किलोमीटर. या दोन-तीन ओळींनी भारतातली इलेक्ट्रिक स्कूटर खेळण्यातून गाडी झाली. चांगली अट काय करू शकते याचं हे उत्तम उदाहरण.

पण भाव लावला तो बॅटरीच्या आकारावर. सुरुवातीला युनिटमागे १०,००० रुपये. जून २०२१ मध्ये तो १५,००० केला आणि कमाल मर्यादा किमतीच्या २० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर नेली. तीन युनिटची, कारखान्यातून निघताना १ लाख २० हजारांची स्कूटर धरा. तिला ४५,००० रुपये मिळायला लागले. अशा वेळी कुठला मालक मोटर अधिक कार्यक्षम करून बॅटरी छोटी करण्याच्या फंदात पडेल? बॅटरी छोटी केली तर सबसिडीही छोटी!

शिवाय त्या सूत्रात बॅटरी किती वर्षं टिकते, उन्हात किती तापते याचा भाव शून्य. २०२२ च्या उन्हाळ्यात स्कूटर पेटल्याचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील, त्यातला एक तर आपल्या लोहगावचा होता. त्यानंतर बॅटरी-सुरक्षेचे नियम कडक झाले, ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू केले. म्हणजे विक्रीसाठी आधी पैसे मोजले आणि सुरक्षेचा धडा नंतर घेतला.

अजून एक किस्सा. सबसिडीसाठी स्कूटरची कारखान्यातली किंमत दीड लाखाच्या आत हवी होती. मग काही कंपन्यांनी चार्जर वेगळा विकायला सुरुवात केली, म्हणजे कागदावर स्कूटर स्वस्त. २०२३ मध्ये चार मोठ्या कंपन्यांना चार्जरचे पैसे गिऱ्हाइकांना परत करायचं कबूल करावं लागलं. नवकल्पना ही पण होती, फक्त इंजिनिअरिंग विभागाऐवजी अकाउंट्समध्ये झाली. :-)

मग १ जून २०२३ ला सरकारने एकदम ब्रेक दाबला. युनिटमागे १०,००० आणि कमाल १५ टक्के. आपल्या वरच्या उदाहरणातल्या स्कूटरची सबसिडी ४५,००० वरून थेट १८,००० वर. मेमध्ये देशात एक लाखावर इलेक्ट्रिक दुचाक्या विकल्या होत्या, जूनमध्ये आकडा निम्म्याच्याही खाली गेला. दादासारख्यांच्या उरल्यासुरल्या ऑर्डरी त्याच महिन्यात गेल्या.

आणि इथेच मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सापडली. सबसिडी कापल्यावर उद्योग मेला का? नाही. कंपन्या छोट्या बॅटरीची, कमी किमतीची मॉडेलं काढायला लागल्या. आकुर्डीवाल्या बजाजने जून २०२४ मध्ये २.९ युनिटची चेतक लाखाच्या आत आणली. जे काम आधी करायला कुणाला कारण नव्हतं, ते करायला कारण मिळालं. पुढे ऑक्टोबर २०२४ पासूनच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत भाव युनिटमागे ५,००० आणि एप्रिल २०२५ पासून २,५०० झाला. पण या वेळी पुढच्या वर्षीचा आकडा आधीच सांगितला होता. त्यामुळे जून २०२३ सारखा धक्का बसला नाही.

अमेरिका : शिंप्याने माप कुणाचं घेतलं?

आता आमच्या गावाकडे येऊ. २००८ साली इथे करसवलतीचा कायदा झाला. सूत्र असं : २,५०० डॉलर मूळ, आणि चार युनिटच्या वर प्रत्येक युनिटला ४१७ डॉलर, कमाल ७,५००. गणित केलंत तर कमाल रक्कम बरोबर १६ युनिटला मिळते. आणि जनरल मोटर्सच्या शेव्हरले व्होल्ट गाडीची बॅटरी किती युनिटची होती? सोळा! ही गाडी संकल्पना म्हणून जानेवारी २००७ मध्ये डेट्रॉईटच्या प्रदर्शनात दाखवली होती, म्हणजे कायद्याच्या आधी. आता शिंप्याने कापड कुणाच्या मापाने कापलं ते तुम्हीच ठरवा. पण सोळाच्या वर एकही युनिट वाढवायला कायद्यात एक पैसा नव्हता.

दुसरी अट आणखी विचित्र. एका कंपनीने दोन लाख गाड्या विकल्या की तिची सवलत हळूहळू बंद. २०१८ मध्ये टेस्ला आणि जनरल मोटर्स त्या आकड्याला पोचल्या आणि सव्वा-दीड वर्षात दोघांची सवलत शून्य झाली. जे मागे राहिले, त्यांना मात्र पूर्ण साडेसात हजार चालू. वर्गात पहिल्या आलेल्याची शिष्यवृत्ती बंद करून उशिरा अभ्यास करणाऱ्याला द्यावी, तसं. ही मर्यादा २०२३ पासून काढली, पण तिच्या जागी गाडी उत्तर अमेरिकेत जोडलेली हवी, बॅटरीचं सामान आणि खनिजं अमुक देशांतली हवीत, अशा अटींची माळ आली. लीजवर घेतली तर मात्र यातल्या बहुतेक अटी लागू नव्हत्या. साहजिकच लीज वाढल्या.

कर्ज आणि अनुदानाचा अनुभव संमिश्र आहे. टेस्लाला ऊर्जा खात्याकडून ४६.५ कोटी डॉलरचं कर्ज मिळालं, तिने ते मे २०१३ मध्ये मुदतीच्या नऊ वर्षं आधी फेडलं. त्याच योजनेतल्या फिस्कर कंपनीने सुमारे १९ कोटी उचलले आणि २०१३ मध्येच दिवाळं काढलं. लोक एकतर पहिलं उदाहरण सांगतात नाहीतर दुसरं, आपापल्या राजकारणाप्रमाणे. मला विचाराल तर नव्या तंत्रज्ञानाला दिलेल्या दहा कर्जांतली तीन बुडाली नाहीत, तर बँक फारच भित्री आहे असं समजावं.

मला जास्त चटका लावून गेली ती तिसरी कंपनी, ए१२३. एमआयटीतून निघालेली, लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी बनवणारी. (सगळे तिला एलएफपी म्हणतात, मीही म्हणतो.) तिला २००९ मध्ये जवळपास २५ कोटी डॉलरचं अनुदान मंजूर झालं, आणि तिने आमच्या इथल्या लिव्होनियात कारखाना उभारला. २०१४ मध्ये मी इथे आलो तेव्हा ऑफिसातला एक जुना सहकारी सांगायचा, की उद्घाटनाच्या वेळी वाटलं होतं, डेट्रॉईटचे दिवस परत आले. पण अनुदान होतं कारखाना बांधायला. बॅटऱ्या घेणारं गिऱ्हाईक कुठे होतं? मुख्य गिऱ्हाइकांपैकी एक म्हणजे वरची फिस्कर. त्यात सदोष बॅटऱ्या परत मागवायची वेळ आली. ऑक्टोबर २०१२ मध्ये ए१२३ ने दिवाळखोरी जाहीर केली आणि ती वानशियांग या चिनी उद्योगसमूहाकडे गेली.

चीन : वजनाचा काटा

एलएफपीची गोष्ट पुढे नेतो, कारण तीच या लेखाचा खरा नायक आहे. हे रसायन नव्वदच्या दशकात टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने पुढे आणलं. १९९७ च्या त्या प्रसिद्ध शोधनिबंधाचे पहिले लेखक अक्षय पाढी, आपलेच. कोबाल्ट नाही, निकेल नाही, स्वस्त, सहसा पेट न घेणारं. फक्त वजनाला जड.

चीनने २००९ पासून इलेक्ट्रिक गाड्यांवर पैसा ओतला. आधी बस आणि टॅक्सी, मग खाजगी गाड्या. अमेरिकेत जे झालं नाही ते तिथे झालं : कारखाना आणि गिऱ्हाईक बरोबरीने उभे केले. शेन्झेन शहराने २०१७ अखेर आपल्या सगळ्या, म्हणजे सोळा हजारांच्या वर बस इलेक्ट्रिक केल्या. एवढी हुकमी मागणी असली की बॅटरीवाला निर्धास्तपणे शिकतो.

गैरप्रकार तिथेही झाले, आणि दणदणीत. २०१६ मध्ये चीनच्या अर्थ मंत्रालयाने पाच कंपन्यांची नावं जाहीर केली. त्यांनी मिळून एक अब्ज युआनहून जास्त सबसिडी लाटायचा डाव केला होता, काहींनी तर न बनवलेल्या गाड्या कागदावर विकल्या होत्या. मोजलं काय जात होतं? विकलेल्या गाड्यांची संख्या. मग संख्या मिळाली.

सरकारने धडा घेतला आणि सूत्र बदललं. २०१७ पासून एक किलो बॅटरीत किती वीज मावते त्यावर गुणक लावला. २०१८ मध्ये किलोला १६० वॅट-तासांच्या वर गेलात तर १.२ पट सबसिडी, १०५ च्या खाली असाल तर काहीच नाही. कागदावर किती शास्त्रीय वाटतं! पण परिणाम असा, की सगळे कारखाने निकेल-कोबाल्टच्या हलक्या बॅटरीकडे धावले. जड पण स्वस्त आणि सुरक्षित एलएफपी प्रवासी गाड्यांतून मागे पडली. रसायनशास्त्राने नव्हे, अर्थ मंत्रालयाच्या एक्सेल शीटने तिला हरवलं होतं.

आता पुढची कलाटणी. २०१९ मध्ये सबसिडी निम्म्याहून खाली आली, तेव्हा स्वस्त बॅटरीला पुन्हा किंमत आली. बीवायडीने मार्च २०२० मध्ये "ब्लेड" बॅटरी आणली. रसायन तेच जुनं एलएफपी. पण लांब पात्यासारखे सेल मधल्या डब्यांशिवाय थेट पॅकमध्ये रचले, त्यामुळे जडपणाची बरीचशी भरपाई रचनेतून झाली. २०२१ मध्ये चीनमध्ये एलएफपीने निकेलवाल्या बॅटरीला मागे टाकलं. खरेदीवरची केंद्रीय सबसिडी २०२२ च्या अखेरीस संपली (खरेदीकरातली माफी मात्र चालू ठेवली) आणि तरीही २०२३ मध्ये तिथे बनलेल्या सुमारे ९५ लाख इलेक्ट्रिक आणि प्लग-इन गाड्या विकल्या गेल्या.

आणि शेवट ऐका. २०२३ मध्ये फोर्डने आमच्या मिशिगनमधल्याच मार्शल गावात एलएफपी बॅटरीचा कारखाना जाहीर केला. तंत्रज्ञान कुणाचं? चीनच्या सीएटीएल कंपनीकडून लायसन्सवर घेतलेलं. टेक्सासमध्ये जन्म, एमआयटीत मुंज, लिव्होनियात नोकरी सुटली, चीनमध्ये नशीब काढलं आणि आता मार्शलला कन्सल्टंट म्हणून परत! आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या आयुष्याची आठवण होते की नाही?

मग सबसिडी नकोच का?

माझे सासरे (निवृत्त बँक मॅनेजर) हे सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे फुकटचे पैसे बंद करा, हेच ना?" तर बाबा, तसं नाही.

आपण सॉफ्टवेअरवाले एक गोष्ट विसरतो. आपली दुसरी कॉपी फुकट निघते. बॅटरीची दुसरी कॉपी पहिलीइतकीच महाग असते. ती स्वस्त होते हजाराव्या, लाखाव्या कॉपीनंतर, कारण माल वाया जाणं कमी होतं, मशीनचा वेग वाढतो, कामगारांचा हात बसतो. दादाला हे मला समजावून सांगावं लागत नाही. पहिल्या शंभर हाउसिंगमध्ये त्याचे बारा रिजेक्ट होते, वर्षाने शंभरात एक. बॅटरी पॅकचा सरासरी भाव २०१० च्या सुमारास युनिटमागे हजार डॉलरच्या वर होता, २०२४ मध्ये तो ११५ डॉलर होता. मधल्या काळातली महागडी लाखभर कॉपी कुणीतरी विकत घ्यायला हवी होती. बाजार आपण होऊन ती घेत नाही. तिथे सरकारचा पैसा लागतो, आणि मला तो रास्त वाटतो.

आणि पैसा नेहमी तिजोरीतूनच यावा असंही नाही. कॅलिफोर्नियाने १९९० पासून शून्य-प्रदूषण गाड्यांचा नियम केला. ज्या कंपन्या अशा गाड्या पुरेशा बनवत नाहीत, त्यांनी बनवणाऱ्यांकडून क्रेडिट विकत घ्यायचं. २०२० मध्ये टेस्लाला अशी निरनिराळी क्रेडिट्स विकून १.५८ अब्ज डॉलर मिळाले, आणि तिचा त्या वर्षीचा निव्वळ नफा होता सुमारे ७२ कोटी. म्हणजे क्रेडिट नसती तर ते वर्ष तोट्याचंच. त्या पैशातून कारखाने उभे राहिले. पण ती गाडी लोकांना हवी होती म्हणून हे जमलं. त्याच नियमापायी नव्वदच्या दशकात बनलेल्या जनरल मोटर्सच्या ईव्ही-१ गाड्या कंपनीने लीज संपल्यावर परत घेऊन बहुतेक चिरडून टाकल्या. नियम पाळायला बनवलेली गाडी नियम सैल होताच भंगारात गेली.

सबसिडी हा पाळण्याचा झोका आहे. मूल चालायला लागेपर्यंत द्यावा, पण कधी थांबवणार ते घरात सगळ्यांना माहीत हवं. अमेरिकेत जुलै २०२५ च्या कायद्याने तीन महिन्यांत करसवलत बंद केली. सप्टेंबरपर्यंत विक्रमी विक्री (त्यात एक आमची!), ऑक्टोबरात दाणकन आपटी. भारतात जून २०२३ मध्ये झालं त्याची ही मोठी आवृत्ती. डिसेंबरात फोर्डने इलेक्ट्रिक गाड्यांपायी १९.५ अब्ज डॉलरचा फटका हिशेबात धरल्याचं जाहीर केलं. सवलत हे त्याचं एकमेव कारण नाही, पण ज्या धंद्यात गाडी डिझाइन करायला चार वर्षं लागतात तिथे तीन महिन्यांची नोटीस म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री सिलॅबस बदलणं.

दादाला काय सांगितलं

शेवटी एका रविवारी फोन केला. म्हटलं, दादा, घे किंवा नको घेऊ, पण त्या कंपनीला तीन प्रश्न विचार. पहिला : उद्या सबसिडी शून्य झाली तरी ही स्कूटर तुम्ही विकू शकता का, आणि केवढ्याला? दुसरा : सरकारकडून पैसे यायला सहा महिने लागले तर माझं पेमेंट कशातून करणार? तिसरा : हे हाउसिंग आहे तसंच दोन वर्षं चालणार, की अट बदलली की डिझाइनही बदलणार?

दादा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हे चार वर्षांपूर्वी विचारलं असतं तर बरं झालं असतं रे." मी काय बोलणार? चार वर्षांपूर्वी मशीनच्या पूजेचा फोटो आला होता तेव्हा मी नुसता अंगठा पाठवला होता.

दिवाळीनंतर त्याने कळवलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर कंपनीने आकड्यानिशी दिलं, दुसऱ्याला तीस टक्के ॲडव्हान्स कबूल केला, तिसऱ्याला "सांगता येत नाही" म्हणाले. त्याने अर्धी ऑर्डर घेतली. एक शिफ्ट स्कूटरची, एक ट्रॅक्टरची. तिसऱ्या शिफ्टला मशीन बंद, आणि तो घरी जेवायला. माझ्या आठ लाखांतले दर महिन्याला थोडे थोडे परत करतोय. मी नको म्हटलं तर चिडतो.

आमची गाडी झकास चालते. मिशिगनच्या थंडीत रेंज कमी होते, तेव्हा बायको विचारते, "मग, गाडी हवी होती की सवलत?" खरं सांगायचं तर सवलत नसती तर दोन वर्षं थांबलो असतो. म्हणजे सरकारने माझ्याकडून घाई विकत घेतली, नवं तंत्रज्ञान नव्हे. माझ्यासारख्या लाखोंच्या घाईतून कुठल्या तरी कारखान्यात रिजेक्ट बारावरून एकवर आले असतील, तर तो पैसा सार्थकी लागला असं म्हणेन. नसेल, तर आम्हाला इथल्या करदात्यांनी एक छान गाडी भेट दिली, त्यांचे आभार!

तुमच्यापैकी कुणी युरोपात, आखातात किंवा चीनमध्ये या धंद्यात असेल, तर तिथे अट कशावर आहे आणि त्यातून काय घडलं, जरूर लिहा. आणि भोसरी-चाकणकडे कुणाचा भाऊ, मेहुणा स्कूटरवाल्यांचं काम घेत असेल, तर ते तीन प्रश्न त्याला आजच कळवा. व्हीएमसीची पूजा व्हायच्या आधी.

कळावे, लोभ असावा.

एक पुणेकर, सध्या मुक्काम मिशिगन